वाचक विचारतात: मोरचुदाचा निळा, हिराकसाचा तांबूस

या वेळी आलेली पाच पत्रं एकाच घराण्यातली निघाली. तांबं, लोखंड, मँगेनीज, क्रोमियम हे सगळे संक्रमण धातू, म्हणजे आवर्त सारणीच्या मधल्या भागातले. वर्गातला प्रश्न असो, उसाच्या फडातला असो की भट्टीवरचा, मुळाशी या अणूंचे डी कक्षिकांतले (अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एका प्रकारच्या जागांतले) इलेक्ट्रॉनच आहेत. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

मी बारावी विज्ञानाला आहे. डी कक्षिका अर्धवट भरलेल्या असल्या की संयुग रंगीत, असं शिकवलं. मग पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगेनीजकडे एकही डी इलेक्ट्रॉन नसताना ते एवढं जांभळं कसं? आणि मोरचूद तापवलं की पांढरं का होतं?
— विद्यार्थिनी, कागल

नियम बरोबर आहे, पण तो रंगाचं एकच कारण सांगतो. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात तांब्याच्या आयनाला (प्रभारित अणूला) पाण्याच्या रेणूंनी वेढलेलं असतं. त्यांच्यामुळे तांब्याच्या पाचही डी कक्षिकांची ऊर्जा सारखी राहत नाही, वरच्या आणि खालच्या पातळ्या पडतात. खालचा इलेक्ट्रॉन लाल बाजूचा प्रकाश शोषून वर जातो आणि उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. जस्ताच्या आयनात डी कक्षिकांतल्या दहाही जागा भरलेल्या असतात, वर जायला जागाच नसते. म्हणून झिंक सल्फेट पांढरं.

मोरचुदाच्या स्फटिकात तांब्यामागे पाण्याचे पाच रेणू असतात. चार थेट तांब्याला जोडलेले असतात आणि पाचवा सल्फेटच्या आधाराने राहतो. तो पाचवा सर्वांत शेवटी, साधारण २०० अंश सेल्सिअसला सुटतो. पाणी गेलं की तांब्याभोवतीचा वेढा बदलतो, शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकतं आणि डोळ्याला पांढरी पूड दिसते. हा प्रयोग करताना परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेव. नाहीतर वर जमलेले पाण्याचे थेंब तापलेल्या काचेवर उतरतात आणि नळी तडकते. आच मंद असावी. फार तापवलं तर सल्फेटच मोडतं आणि काळा कॉपर ऑक्साइड उरतो.

शेजारी बदलला की रंग बदलतो, हे प्रयोगशाळेत सहज पाहता येतं. २.५ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात विरघळव आणि दोन नळ्यांत ५-५ मिलिलिटर घे. एकीत अमोनियाचं द्रावण थेंब थेंब घाल. आधी फिकट निळा साका बसेल, अजून घातलं की तो विरघळून गर्द निळं द्रावण होईल. पुष्कळ मुलं साका दिसताच थांबतात आणि खरा बदल पाहायचा राहून जातो. दुसरीत शिक्षकांसमोर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाल, रंग हिरव्याकडे झुकेल. तांबं दोन्हीकडे तेच, दोन धन प्रभाराचं.

परमँगनेटमध्ये मात्र डी इलेक्ट्रॉनच नाही. तिथे ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून मँगेनीजकडे जातो. याला प्रभार स्थानांतरण म्हणतात आणि ते फार प्रखर असतं. सारख्याच तीव्रतेच्या द्रावणांत परमँगनेट मोरचुदापेक्षा सुमारे दोनशे पट जास्त प्रकाश शोषतं. डायक्रोमेटचा नारिंगी रंगही याच जातीचा. उत्तरपत्रिकेत परमँगनेटचा रंग डी-डी संक्रमणाने (इलेक्ट्रॉन एका डी कक्षिकेतून दुसरीत जाण्याने) समजावू नकोस, तिथे गुण हमखास जातात.

परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये (थेंब थेंब घालून तीव्रता मोजताना) काही मुलांच्या फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या वेळी पहिले थेंब रंगच सोडत नाहीत. रीडिंगही जुळत नाहीत.
— प्रयोगशाळा सहायक, कनिष्ठ महाविद्यालय, गडहिंग्लज

तपकिरी गढूळपणा म्हणजे मँगेनीज डायऑक्साइड. आम्ल कमी पडलं की मँगेनीजचा ऑक्सिडीकरणांक सातवरून थेट दोनवर न येता चारवर अडकतो. १० मिलिलिटर द्रावणाला तेवढंच विरल सल्फ्युरिक आम्ल मोजून घाला, अंदाजाने नको. सल्फ्युरिकच हवं. हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडवर परमँगनेट खर्च होतं आणि रीडिंग जास्त येतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक असल्यामुळे रीडिंग कमी येतं.

पहिले थेंब हटून बसणं हा दोष नाही. ऑक्झॅलेटशी ही अभिक्रिया थंडीत फार मंद चालते आणि तिला वेग देतो तो तिच्यातच तयार होणारा मँगेनीजचा दोन प्रभाराचा आयन. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, पहिला थेंब टाकून रंग जाईपर्यंत हलवत राहा, मग पुढचे थेंब पटापट रंग सोडतील. उकळू देऊ नका, ऑक्झॅलिक आम्ल मोडतं. मोहर मीठ (फेरस अमोनियम सल्फेट) मात्र अजिबात तापवायचं नाही, त्यातलं फेरस (दोन प्रभाराचं) लोह हवेनेच फेरिक (तीन प्रभाराचं) होतं.

मापं अशी ठेवा: मोहर मीठ ०.०५ मोलर करायला २५० मिलिलिटरला ४.९ ग्रॅम, तेवढ्याच तीव्रतेच्या तेवढ्याच द्रावणाला ऑक्झॅलिक आम्ल १.५७५ ग्रॅम, आणि परमँगनेट ०.०१ मोलर करायला लिटरला १.५८ ग्रॅम. यानुसार १० मिलिलिटर मोहर मिठाला १० आणि ऑक्झॅलिकला २० मिलिलिटर परमँगनेट लागतं. याच्या आसपास आलं नाही तर आधी परमँगनेटवर संशय घ्या. ते कागदातून गाळलं तर कागदावरच खर्च होतं, काचलोकरीतून गाळा आणि तपकिरी बाटलीत ठेवा. रबरी नळीचं ब्युरेट (थेंब सोडायची मोजनळी) वापरू नका. द्रावण गडद असल्याने वक्र पृष्ठाची वरची कड वाचायची, हे प्रत्येक बॅचला सांगावं लागतं. अर्धी मुलं खालची वाचतात, म्हणून रीडिंग जुळत नाही.

खोडव्याची (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची) कोवळी पानं आधी पिवळी, मग पांढरट झाली. हिराकस आणला, तो पाण्यात टाकल्यावर तांबूस झाला. फवारूनही फरक नाही. आता चिलेट घ्या म्हणतात, ते महाग आहे.
— ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

आधी लक्षण नक्की करा. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि हे फक्त नव्या पानांवर असेल, तर लोहाची कमतरता. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र पाहा. पक्की खूण हवी असेल तर दोन-चार पानांवर ताजं हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) पाणी शिंपडा. लोह पानातून फारसं सरकत नाही, त्यामुळे आठवडाभरात थेंब पडले तिथेच हिरवे ठिपके उमटतात.

तुमचा हिराकस वाया गेला तो पाण्यातच. हिराकसातलं लोह दोन प्रभाराचं, फिकट हिरवं असतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी क्षारयुक्त असलं की ते हवेतल्या ऑक्सिजनने झपाट्याने तीन प्रभाराचं होतं आणि हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसतं. तो तांबूस गाळ म्हणजे जवळजवळ गंजच. चुनखडीच्या काळ्या रानातही हेच घडतं. जमिनीत लोह भरपूर असतं, पण मुळाला विरघळलेलं मिळत नाही.

१५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल आधी पाण्यात विरघळवा, मग ७५ ग्रॅम हिराकस टाका. सायट्रिक आम्ल पाण्याचा सामू (पीएच) उतरवतं आणि लोहाला धरूनही ठेवतं. द्रावण फिकट हिरवट-पिवळसर राहिलं पाहिजे. तांबूस झालं तर ओतून द्या. पंप भरल्यावर लगेच, उन्हं उतरल्यावर फवारा. ८ ते १० दिवसांनी पुन्हा, अशा दोन-तीन फवारण्या लागतात. सोबत स्फुरदाचं विद्राव्य खत मिसळू नका, लोहाचा फॉस्फेट होऊन बसतो. खरेदी करतानाही पाहा: हिराकसाच्या खड्यांवर पिवळा-तपकिरी थर चढला असेल तर तो माल नको.

चिलेटमध्ये सेंद्रिय रेणू लोहाला अनेक बाजूंनी पकडतो. पण सगळी चिलेटं सारखी नाहीत. ईडीटीएचं चिलेट सामू ७च्या पुढे लोह सोडतं आणि कॅल्शियम धरतं, म्हणून ते फवारणीला ठीक, चुनखडीच्या जमिनीत टाकायला नाही. जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचए हवं, ते सामू ९पर्यंत टिकतं. ते महाग आहेच. आमच्या मते आधी सायट्रिकसह हिराकस नीट करून पाहा, बहुतेक खोडवे त्यावर सावरतात. पुढच्या लागणीला हेक्टरी २५ किलो हिराकस दसपट शेणखतात मिसळून, काही दिवस मुरवून सरीत द्या.

नव्या कोल्हापुरी चपला लोखंडी मांडणीवर ठेवल्या. पावसाळ्यात तळाला काळे-निळे डाग पडले. ही बुरशी का?
— वाचक, मंगळवार पेठ

ओल्या फडक्याने पुसून गेली तर बुरशी. न गेली तर तो लोखंडाचा डाग. हे कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं असतं. त्यातलं टॅनिन आणि गंजातलं लोह मिळून निळं-काळं संयुग होतं. हिरडा आणि हिराकसाची जुनी शाई याच संयुगाची.

१०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवा. हातमोजे घाला, हे विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा. कापसाने फक्त डागावर लावा, दोनेक मिनिटांनी साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसा, सावलीत वाळवा आणि हलका तेलाचा हात फिरवा. आधी टाचेखाली एका कोपऱ्यात करून पाहा, कातड्याचा रंगही थोडा उतरतो. डाग हलका असेल तर लिंबाचा रस पुरतो. ब्लीचिंग पावडर लावू नका, कातडं कमकुवत होतं.

एसजी ४००/१५ (गोल ग्रॅफाइटचं बिड, १५ टक्के ताणलं जाणारं) च्या कास्टिंगमध्ये नोड्यूल (ग्रॅफाइटचे गोळे) चांगले येतात, तरी इलाँगेशन (तुटण्याआधीचा ताण) ७-८ टक्क्यांवर अडकतं, हार्डनेस वाढतो. ड्रिलही तुटतात.
— फाउंड्री सुपरवायझर, शिरोली एमआयडीसी

नोड्यूल चांगले म्हणजे मॅग्नेशियमचं काम झालं. आता स्क्रॅप तपासा. संक्रमण धातूंच्या ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना कार्बनशी जोडी जमवण्याची ओढ कमी होत जाते. टायटॅनियम, व्हॅनेडियम आणि क्रोमियम कार्बाइड (कार्बनशी होणारं कठीण, ठिसूळ संयुग) चटकन करतात, मँगेनीज त्याखालोखाल. निकेल आणि तांबं कार्बाइड करत नाहीत, पण तांबं पर्लाइट (लोखंडाची कठीण बांधणी) वाढवतं. फेरिटिक (मऊ बांधणीच्या) ग्रेडला मँगेनीज ०.२० टक्क्यांच्या आत, क्रोमियम ०.०५ च्या आत आणि तांबं ०.१० च्या आत ठेवा.

स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा मर्यादेत दिसूनही जाड भागात ड्रिल तुटू शकतं. मँगेनीज आणि क्रोमियम शेवटी गोठणाऱ्या द्रवात ढकलले जातात आणि तिथे कार्बाइड साठतं. म्हणून मायक्रोचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा) नमुना जाड भागाच्या मधूनही घ्या, फक्त टेस्ट बारवर विसंबू नका.

स्क्रॅपमध्ये दोन गोष्टी हमखास घात करतात. एक, गाड्यांचे कमानीचे पाटे, त्यात मँगेनीज आणि क्रोमियम दोन्ही असतात. दुसरी, चारशे मालिकेचं स्टेनलेस. तीनशे मालिकेचं चुंबकाला चिकटत नाही म्हणून वेगळं पडतं, चारशेचं चिकटतं आणि साध्या स्टीलबरोबर भट्टीत जातं.

इंडक्शन भट्टीत तांबं काढता येत नाही, क्रोमियम-मँगेनीजही व्यवहारात निघत नाही. उपाय एकच, पातळ करणं. ५०० किलो धातूत मँगेनीज ०.३५ असेल आणि ०.०५ चं पिग (भट्टीत घालायचं कच्चं लोखंड) घालून ०.२० वर आणायचं असेल, तर २५० किलो धातू काढून तेवढंच पिग घालावं लागतं, शिवाय कार्बन-सिलिकॉन पुन्हा जुळवावे लागतात. म्हणून स्पेक्ट्रोचा नमुना भट्टी भरायच्या आधी, अर्ध्या चार्जवरच (भट्टीत घालायचा माल अर्धा गेल्यावर) काढा.

ओतून झालेला माल वाचवायचा असेल तर मायक्रो पाहून ठरवा. फक्त पर्लाइट असेल तर ७०० ते ७२० अंशांवर काही तास धरून भट्टीतच थंड केलं की भागतं. कार्बाइड असेल तर ९०० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि क्रोमियमचं कार्बाइड तिथेही लवकर मोडत नाही. तो माल परत वितळवणार असाल तर त्याचे रिटर्न (परत वितळवायचे तुकडे) वेगळ्या ढिगात ठेवा आणि ५००/७ किंवा ६००/३ च्या चार्जलाच वापरा, तेही क्रोमियम मोजून.