‘सीपीयू गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी चिपळूणचा एक निवृत्त शिक्षक. माझा डेस्कटॉप २०१४ साली घेतलेला आहे. २०२१च्या जुलैतल्या पुरात मुलाने तो उचलून माडीवर नेला, म्हणून वाचला. यंदा पावसाळ्याचे तीन महिने आम्ही पुण्याला होतो. निघताना प्लग काढून ठेवला होता. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. पुण्याला जाण्याआधी काही दिवस तारीख सारखी मागे जात होती. दुकानात नेला, तर न उघडताच सांगितलं, ‘सीपीयू गेलाय, नवा घ्या.’ माझं दहा वर्षांचं लेखन त्यात आहे. आता काय करू?

उत्तर : सर, सगळ्यात आधी लेखनाची काळजी सोडा. ते सीपीयूमध्ये नसतंच. ते हार्ड डिस्कवर असतं आणि ती डिस्क चार स्क्रू नि दोन वायरी काढल्या की हातात येते. दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडून त्यातल्या फाइली उतरवून घेता येतात. बाकीचं यंत्र उद्या भंगारात गेलं तरी तुमचं लेखन राहील.

आता ‘सीपीयू’ या शब्दाकडे येते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या पेटीला सीपीयू म्हणतात. ती पेटी म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तुमच्या काळातल्या मशीनमध्ये जेमतेम पावणेचार सेंटिमीटरचा चौकोन असतो आणि पंख्याखाली दडलेला असतो. पेटीत त्याच्याबरोबर सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड (थोडक्यात ‘बोर्ड’), चालू कामापुरती आठवण ठेवणारी रॅम, हार्ड डिस्क आणि वीज पुरवणारा एसएमपीएस असतो. पाच वेगळ्या वस्तू, पाच वेगळ्या किमती. ‘सीपीयू गेला’ म्हटलं की पाचही एकदम मेल्यासारख्या वाटतात आणि गिऱ्हाईक नव्या मशीनचे पैसे काढतं. मला या वाक्याचा राग येतो.

या पाचांत प्रोसेसर सगळ्यात चिवट. तुमच्या गावच्या त्याच पुरानंतर चिखलाने भरलेले कॅबिनेट रत्नागिरीत माझ्या बाकावर आले होते. बोर्ड गेले, एसएमपीएस गेले, डिस्का गेल्या. पण प्रोसेसर स्वच्छ करून, नीट वाळवून दुसऱ्या बोर्डवर बसवले, तर बरेचसे चालले. तेव्हा तुमचा प्रोसेसर कोरड्या माडीवर बसल्याबसल्या गेला असेल, हे मला पटत नाही.

पंखे फिरतात याचा अर्थ एवढाच, की एसएमपीएस घरातली २३० व्होल्टची वीज उतरवून १२ व्होल्ट पुढे देतोय. त्यानंतर प्रोसेसर जागा होतो, बोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम वाचतो आणि रॅम तपासतो. पडद्याची पाळी त्यानंतर येते. रॅम सापडली नाही तर गाडी तिथेच थांबते. पंखे चालू, डिस्प्ले नाही, ही तक्रार घेऊन कोकणातून येणाऱ्या मशीनमध्ये, विशेषतः पावसाळ्यानंतर, मी रॅमलाच पहिला हात लावते. दमट हवेने पट्टीच्या सोनेरी दातांवर नि स्लॉटमध्ये मळ धरतो. प्लग काढून ठेवल्यामुळे आत ऊबही नव्हती.

हे घरी करून बघा. प्लग भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज चिपला मारक असते. स्लॉटच्या टोकाची खिटी मागे दाबली की रॅमची पट्टी वर येते. ती कडांनी धरा. साध्या पांढऱ्या खोडरबरने सोनेरी दात दोन्ही बाजूंनी हलकेच पुसा आणि रबराचा भुसा कोरड्या ब्रशने झाडा. तो स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पट्टीतली खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून सरळ खाली दाबा. ‘टक्’ असा आवाज येऊन खिटी आपोआप बसली पाहिजे. इथे बरेच जण घाबरून अर्धवट दाबतात आणि पुन्हा डिस्प्ले येत नाही. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा.

तरीही पडदा काळा राहिला, तर गावातल्या चांगल्या कारागिराकडून एक परीक्षा करून घ्या. बोर्डला छोटा स्पीकर जोडायचा (कित्येक मशीनमध्ये तो नसतोच), रॅम पूर्ण काढायची आणि मशीन सुरू करायचं. बीप वाजले, तर प्रोसेसर जिवंत आहे, कारण ते वाजवण्याचा हुकूम प्रोसेसरच देतो. रॅम नसल्याची ती तक्रार असते. मी ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर करते. त्याला आवाज ऐकू आला की पुढे बोलणंच सोपं होतं.

तारीख मागे जाण्याचं कारण बोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सेल. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. प्लग लावलेला असतो तेव्हा घड्याळ घरच्या विजेवर चालतं, काढला की सगळा भार या सेलवर. तुमचा आधीच थकलेला, त्यात तीन महिने एकटा राबला. काही बोर्ड सेल पूर्ण उतरला की डिस्प्लेही देत नाहीत, म्हणून रॅम पुसतानाच हा सेलही बदलून टाका; घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. अधिकचं चिन्ह वर ठेवा. सुरू झाल्यावर बोर्डवरच्या त्या छोट्या प्रोग्रामच्या (बायोसच्या) सेटिंगमध्ये तारीख घाला, नाहीतर बँकेची वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडणार नाही. विंडोज अडखळलं, तर त्याच सेटिंगमधला ‘साटा मोड’ (साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडण्याची पद्धत) पूर्वीसारखा आहे का, हे कारागिराला बघायला सांगा. सेल काढल्यावर तो कधीकधी बदलतो.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, कारागिरालाही घरी उघडू देऊ नका. त्याच्या आत ३०० व्होल्टच्या वर वीज साठते, प्लग काढल्यावरही काही वेळ राहते.

मशीन सुरू झालं की लेखनाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, त्याच दिवशी.

प्रश्न : कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. मुलगी अनवाणी अभ्यासाला बसते. कॅबिनेट बदलावं का? (एक गृहिणी, देवगड)

उत्तर : कॅबिनेट बदलून उपयोग नाही, मुंग्या नव्यालाही येतील. तुमच्या विजेच्या बोर्डात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३०च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण आतलं इन्सुलेशन एखाद्या दिवशी फुटलं, तर पूर्ण वीज त्याच पत्र्यावर येईल. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत मुलीला त्या टेबलाशी बसवू नका.

आधी एक्स्टेन्शन बोर्ड पाहा. तिसऱ्या पिनेचं भोक दिसतं, पण आत वायरच नसते, असे बोर्ड सर्रास विकले जातात. थ्री-पिनला टू-पिनचा जोड लावला असेल तर तो आजच काढा. मग वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा मीटर लावून तपासून घ्या. आपल्या जांभ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो आणि कागदोपत्री असलेलं अर्थिंग काम करत नाही. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालत चला.

प्रश्न : माझ्या संगणकात ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. रॅम वाढवू की एसएसडी घेऊ? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : एसएसडी, म्हणजे चिपांवर फाइली साठवणारी डिस्क. तुझी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते असं धरलं, तरी हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद लागतात. सुई सरकण्याचा वेळ वेगळाच. सुरू होताना मशीन हजारो छोट्या फाइली वाचतं आणि दर वेळी हेच घडतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. अडीच इंची साटा घे, जुन्या बोर्डला तीच चालेल. जुनी डिस्क काढू नकोस, फाइली ठेवायला राहू दे. पुढच्या वेळी पैसे जमले की रॅम. मात्र आधी पट्टी काढून दुकानात ने. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ हे रॅमचे वेगळे प्रकार; डीडीआर ३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर ४ बसत नाही, दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात.