कर्ण आयताचा आणि त्रिकोणाचाही?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: आयताचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा कर्ण, आणि काटकोन त्रिकोणाची सगळ्यात लांब बाजूही कर्णच. मुलं गोंधळतात, तर त्रिकोणासाठी वेगळा शब्द आहे का?

मॅडम, वेगळा शब्द शोधूच नका. रेषा एकच आहे. आयताकृती वावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं कापलं की दोन काटकोन त्रिकोण पडतात. वावराचा कर्ण तोच त्या दोघांचाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) हे फार नेमकं आलंय. काटकोनाची कोणतीही एक बाजू भुज धरा, तिच्या आडव्या दिशेची दुसरी ती कोटी, ‘त्र्यस्रे चतुरस्रे वा’, म्हणजे त्रिकोणात असो की चौकोनात. दोघींच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ तो कर्ण. ‘इष्टो बाहुः’ हे शब्द तर मुलांना जरूर सांगा: भुज आपल्या मर्जीनं निवडायचा. आकृती तिरकी काढली की ‘यात पाया कोणता?’ म्हणून मुलं अडतात, ती अडचण इथं उरतच नाही. मर्जी चालत नाही ती फक्त कर्णाच्या बाबतीत. तो काटकोनासमोरच असतो.

कर्ण म्हणजे कान, हे त्या काळीही लोकांच्या मनात होतं. पुढच्याच उदाहरणात कोटी ४ आणि भुज ३ देऊन ‘का श्रुतिः’ असं विचारलंय. श्रुति म्हणजेही कान. उत्तर ५.

गावात घराची आखणी करताना मिस्त्री हेच करतो. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण. मधलं तिरपं माप ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. मग खोलीची दोन्ही तिरपी मापं सारखी आहेत का तेही बघतो. त्रिकोणाचा कर्ण आणि आयताचा कर्ण, दोन्ही एकाच कामात.

हरवलेली बाजू काढताना मुलं चुकतात ती बहुतेक इथंच, दिसतील त्या दोन संख्यांचे वर्ग मिळवून टाकतात. ७ आणि २५ दिलेत, २५ हा कर्ण आहे, तर ६२५ मधून ४९ वजा, उरले ५७६, बाजू २४. म्हणून गणिताला हात घालण्याआधी काटकोनावर बोट ठेवायला लावा आणि समोरच्या बाजूवर ‘कर्ण’ लिहायला सांगा. बेरीज की वजाबाकी, ते त्यावरूनच ठरतं.