वाचकांचे प्रश्न: नवी बॅट चांगली की मुरलेली?

प्रश्न: आम्ही ऑफिसमधली पोरं, दोन वर्षं झाली स्लोपिच सॉफ्टबॉल (ज्यात चेंडू हळू टाकतात तो) खेळतोय. टीमकडे तीन बॅटी आहेत, एक अ‍ॅल्युमिनियमची, एक जुनी वन-पीस (अखंड) कंपोझिट आणि एक नवीकोरी टू-पीस (हँडल वेगळं जोडलेली) कंपोझिट. एका सुट्टीच्या दिवशी ठरवून सगळ्यांनी तिन्हींनी दहा-दहा चेंडू मारून बघितले तर नवी टू-पीस सगळ्यात ठोकळा निघाली, जुनी वन-पीस सगळ्यात लांब गेली. आता सगळे म्हणतात टू-पीस फालतू. गंमत म्हणजे ती वन-पीस पुढच्याच आठवड्यात चिरली! सर, लांब मारते पण आणि टिकते पण अशी एक बॅट सांगा ना.

उत्तर: सांगितली असती हो, पण तुमच्या प्रश्नातच गोची आहे आणि ती कळली की अर्धं काम झालं.

आधी चेंडू लांब का जातो ते बघू. बॅट लागते तेव्हा चेंडू चपटा होतो, आणि चेंडू दबला की त्यात बरीच ताकद वाया जाते, आतल्या आत जिरते. बॅटचं बॅरल, म्हणजे चेंडू लागतो तो जाड भाग, पोकळ असतं, त्याची भिंत जरा आत दबून परत बाहेर आली तर चेंडूला कमी चपटं व्हावं लागतं, वाया कमी जातं, चेंडू जास्त वेगाने सुटतो. यालाच ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात. म्हणजे भिंत जितकी लवचिक तितका टोला मोठा.

आता कंपोझिट म्हणजे कार्बन फायबरचे थर रेझिनने चिकटवलेले, काहींमध्ये काचेचे तंतू पण असतात. नवीन असताना हे सगळं एकदम कडक. प्रत्येक टोल्याबरोबर रेझिनला डोळ्यांना दिसणार नाहीत अशा बारीक भेगा पडतात, थर एकमेकांपासून किंचित सुटतात, आणि त्यामुळेच भिंत मऊ होत जाते. म्हणजे लक्षात येतंय का, बॅट चांगली होते ती तुटून! मुरणं आणि मरणं ही एकच गोष्ट आहे, फक्त आधीचा टप्पा आपल्याला आवडतो. तुमची वन-पीस त्या दिवशी सगळ्यात लांब मारत होती कारण ती संपत आली होती, दिवा विझायच्या आधी मोठा होतो तसं. आणि टू-पीस बिचारी नुकतीच प्लॅस्टिकमधून बाहेर आलेली. ही शर्यत म्हणजे एकजण वॉर्मअप करून तयार आणि दुसऱ्याला झोपेतून उठवून लाइनवर उभं केलंय. टू-पीसला फालतू म्हणायची घाई करू नका, दोनेकशे टोले होऊ द्या मग बोलू.

अ‍ॅल्युमिनियमचं वेगळं. ते मुरायला वेळ घेत नाही, पहिल्या दिवशी जशी तशीच पुढेही बरेच दिवस. वरची मर्यादा कमी, पण भरवशाची. जाते तेव्हा खळगा पडून जाते, किंवा धातू थकून चीर पडते. नवशिक्यांची टीम असेल आणि सगळ्यांनी मिळून एकच बॅट वापरायची असेल तर मी अजूनही अ‍ॅल्युमिनियमच सांगेन, लोक हसले तरी.

तुलना करायचीच असेल तर वही घ्या. हो, साधी वही. मी एका बॅटच्या नावाने पान उघडून पाच-पाचच्या काड्या मारत गेलो होतो, प्रॅक्टिसमधला प्रत्येक टोला मोजून. पहिले शंभर काहीच नाही, हाताला नुसती झिणझिण. दीडशेच्या पुढे आवाज बदलला, आधी "टण्ण" यायचा तो जरा भरलेला, खालच्या पट्टीतला यायला लागला, आणि मग एक दिवस नेहमीच्या हातांनी मारलेला चेंडू डाव्या फील्डरच्या डोक्यावरून गेला आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. साडेतीनशेच्या आसपास एंडकॅपजवळ, म्हणजे बॅरलच्या टोकाच्या टोपणाजवळ, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. म्हणजे त्या बॅटची खरी मजा दीडशे ते साडेतीनशे, एवढीच. हा माझ्या एका बॅटचा हिशोब, नियम नाही, पण "कुठली बॅट चांगली" यापेक्षा "कितव्या टोल्याला चांगली आणि कितव्याला गेली" हे विचारलंत तर उत्तर मिळतं. आणि मारताना चेंडू एकाच डझनातले घ्या, ऊन-सावली एकच ठेवा, आळीपाळीने मारा, सगळ्यात शेवटची बॅट दमलेल्या हातात येते हे विसरू नका. जमलं तर मारणाऱ्याला बॅटचं नाव दिसणार नाही अशी टेप लावा, महागड्या बॅटने मारताना माणूस नकळत जास्त जोर लावतो, मी स्वतः लावतो!

---

प्रश्न: एकाच कंपनीच्या दोन बॅटी, रंग सोडला तर सारख्याच दिसतात पण शिक्के वेगळे. एकावर यूएसए सॉफ्टबॉल, एकावर यूएसएसएसए. दुकानात म्हणाले दुसरी "जास्त हॉट" आहे. खरंय का?

उत्तर: बऱ्याचदा खरं असतं, पण अर्धं. ह्या दोन अमेरिकन संघटना, दोघींचं मोजायचं माप वेगळं. यूएसए सॉफ्टबॉल (२०१७ च्या आधी जिला एएसए म्हणायचे तीच) लॅबमधे तोफेतून बॅटवर चेंडू सोडून बघते, त्यावरून काढलेला बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग ताशी ९८ मैलांच्या वर जाता कामा नये. यूएसएसएसएचं जुनं माप बीपीएफ (बॅट परफॉर्मन्स फॅक्टर), त्याची मर्यादा १.२०, म्हणजे घट्ट भिंतीवरून उसळेल त्यापेक्षा बॅटवरून वीस टक्के जास्त, त्यापुढे नाही. शिवाय ते बॅरल यंत्रात दाबून बघतात, किती पौंडाला दबतं ते. आधी किमान २२० ची मर्यादा होती, नंतर २४० आली. आकडा मोठा म्हणजे बॅरल कडक. म्हणून २४० वाल्या बॅटी मुरायला जास्त वेळ घेतात आणि साधारणपणे टिकतातही जास्त. ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉलमधे १.२१ च्या बॅटी चालतात, त्या पातळ भिंतीच्या, पहिल्या दिवसापासून उडवतात आणि तितक्याच लवकर जातात.

पण अर्धी गोष्ट चेंडूत आहे आणि ती दुकानदार सांगत नाही. चेंडूवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ .५२ आणि ३००. पहिला म्हणजे चेंडू ताशी ६० मैलांनी कडक पृष्ठभागावर आपटला तर किती टक्के वेगाने परत येतो, इथे ५२ टक्के. दुसरा म्हणजे चेंडू पाव इंच दाबायला किती पौंड लागतात. ३०० वाला मऊ, ३७५ किंवा ४०० वाला दगड. आता विचार करा, मऊ चेंडू कडक बॅटवर मारला तर बॅट दबणारच नाही, सगळं चेंडूच दबणार, म्हणजे ठोकळा. म्हणून ३०० च्या चेंडूसाठी मऊ बॅरलच्या बॅटी करतात. तीच मऊ बॅट ४०० च्या चेंडूवर वापरली की दोन आठवड्यांत राम म्हणते, आणि मग लोक बॅटला शिव्या घालतात. तुमच्या लीगमधे कुठला चेंडू वापरतात ते आधी विचारा, शिक्का नंतर बघा. अर्थात लीगला जो शिक्का चालतो तोच घ्या हे वेगळं सांगायला नको, लांब मारणारी बॅट पिशवीतच राहिली तर काय उपयोग.

आणि ह्या मर्यादा म्हणजे नुसता नियमांचा जाच नाही बरं का. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ५० फुटांवर उभा असतो. ९८ मैल म्हणजे सेकंदाला १४४ फुटांच्या आसपास. त्याच्याकडे सरळ आलेला चेंडू साधारण ०.३५ सेकंदात पोचतो, आणि चेंडू सोडून तो अजून पुढे झुकलेला असतो. पापणी लवेपर्यंत म्हणतात ना, तेवढंच.

---

प्रश्न: टीममधला एकजण म्हणतो बॅट रोल करून आण, तीनशे टोल्यांचं काम पंधरा मिनिटांत होतं. करू का?

उत्तर: नको. दोन रोलरमधे बॅरल दाबून फिरवतात, थर आधीच फोडून ठेवतात, म्हणजे जे तुम्ही हळूहळू करणार होतात ते जबरदस्तीने. आयुष्य कमी होतं, वॉरंटी जाते, आणि संघटनांच्या नियमात ही फेरफार केलेली बॅट धरली जाते. शेव्हिंग तर त्याहून वाईट, एंडकॅप काढून आतून भिंत तासतात. काहीजण बंदी असलेल्या बॅटला चालणाऱ्या बॅटचा रंग देतात, तेही आलंच. पकडलं तर काही वर्षं खेळ बंद, आणि नाही पकडलं तर त्या ०.३५ सेकंदातला माणूस तुमच्याच ओळखीचा असतो.

हातानेच मुरवा. सुरुवातीला अर्ध्या जोराने, प्रत्येक टोल्यानंतर बॅट हातात थोडीशी फिरवायची म्हणजे बॅरल सगळीकडून सारखं मऊ होतं, नाहीतर एकाच बाजूला खड्डा पडल्यासारखं होतं आणि तिथूनच चीर सुरू होते. खरा मॅचचा चेंडूच वापरायचा. पिचिंग मशीनचे ते छोटे खळगेवाले पिवळे चेंडू वापरू नका, ते जास्त कडक असतात, कंपोझिटची वाट लावतात. भिजून जड झालेले चेंडू पण नकोत.

---

प्रश्न: माझी बॅट थंडीत एकाच मॅचमधे गेली, कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही. अन्याय नाही का हा?

उत्तर: वाईट वाटलं, पण वॉरंटीचा कागद एकदा नीट वाचा. बहुतेक कंपन्या साधारण १५-१६ अंश सेल्सिअसच्या खाली कंपोझिट वापरू नका असं लिहितात. थंडीत चेंडू दगड होतो आणि रेझिन पण कडक, ठिसूळ होतं, दोघांपैकी कुणीच दबायला तयार नसतं, मग तुटणार कोण? ज्याची भिंत पातळ तो. थंडीसाठी जुनी अ‍ॅल्युमिनियम बॅट ठेवून द्या. आणि बॅट रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवायची सवय असेल तर ती सोडा, थंडीत नाही आणि उन्हात तापलेल्या गाडीत पण नाही. बिल मात्र जपून ठेवा, वॉरंटी साधारण वर्षभराची असते आणि बिलाशिवाय कुणी दाद देत नाही.

---

प्रश्न: २६ औंस घेऊ की २८? बॅलन्स्ड की एंड-लोडेड? माझी अंगकाठी मध्यम आहे.

उत्तर: स्लोपिचमधे चेंडू हळू येतो, त्यामुळे त्याच्या वेगाचा फायदा आपल्याला जवळजवळ शून्य, सगळं आपल्या बॅटच्या वेगावर. बॅटचा वेग ताशी १ मैलाने वाढला तर सुटणारा चेंडू १ मैलाहून जरा जास्तच वाढतो, पण येणारा चेंडू १ मैलाने जोरात आला तर त्यातला अगदी थोडा हिस्सा मिळतो. त्यामुळे हलकी बॅट जोरात फिरवणं बऱ्याच जणांना मानवतं. पण एक गंमत, काट्यावरचं वजन आणि हाताला लागणारं वजन वेगळं. २६ औंसाची एंड-लोडेड बॅट २८ च्या बॅलन्स्डइतकी जड लागू शकते कारण वजन टोकाला आहे. नुसता आकडा बघून घेऊ नका, मित्राची मागून दहा-पंधरा टोले मारा, शेवटच्या तीन टोल्यांत बॅट उशिरा येतेय असं वाटलं की ती तुमच्यासाठी जड. मध्यम अंगकाठीला मी २६ किंवा २७ बॅलन्स्ड म्हणेन. लांबी ३४ इंच, बहुतेक सगळे तीच घेतात.

---

प्रश्न: बॅट गेली हे नक्की ओळखायचं कसं? अंपायरने बघून परत केली, मला तर काहीच दिसत नाही.

उत्तर: डोळ्यांनी उशिरा कळतं, कानांनी आधी. नॉब, म्हणजे हँडलच्या टोकाची गाठ, खाली करून जमिनीवर हलकेच आपटा, आत काहीतरी खुळखुळलं तर एंडकॅपमधला तुकडा सुटला असेल, त्याने लगेच बॅट मेली असं नाही. पण एका हाताने हँडल आणि एका हाताने बॅरल धरून पिळून बघा, "कर्र" असा आवाज आला तर थर सुटलेत. रंगावरच्या रेघा आणि खऱ्या चिरा यात गोंधळ होतो, रेघेवरून नख फिरवा, नख अडकलं तर चीर, घसरलं तर फक्त रंग. अंपायर कडी घालून बघतात, २.२५ इंचाची, बॅरल फुगलं असेल तर कडी आत जात नाही. तुमचीत कदाचित तेच झालं असेल, फुगवटा डोळ्याला दिसत नाही, बॅरलवर स्टीलची पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरा, कुठून फट दिसते ते बघा.