तंबू की हॉटेल: आधी रात्रीचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून भंडारदऱ्याला तीन रात्रींसाठी जायचे आहे, सोबत नऊ आणि सहा वर्षांची मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, यजमानांना जलाशयाच्या काठी तंबूत राहण्याची हौस आहे, तुमचा कल हॉटेलकडे आहे, आणि यांपैकी स्वस्त काय पडेल यावर घरात एकमत होत नाही. मी गेली वीस-बावीस वर्षे या भागात दोन्ही प्रकारे राहत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

खर्च आणि सोय यांचा विचार नंतर करू. पहिला विचार रात्रीचा करा, कारण तंबूत राहण्याचा सगळा मोबदला सूर्यास्तानंतर मिळतो. दिवसा कळसूबाई चढायचे, रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पाहायचे, साम्रदला जाऊन सांदण दरीच्या तोंडाशी उतरायचे आणि रात्री आठ वाजता दमून पाठ टेकायची, असा कार्यक्रम असेल तर झोप कापडाखाली लागली काय किंवा छपराखाली लागली काय, फरक एवढाच पडतो की छपराखाली ती चांगली लागते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र तेरा तासांची असते, आणि डोंगरांनी वेढलेल्या भंडारदऱ्याच्या खोऱ्यात ऊन त्याआधीच जाते. या तेरा तासांत पाच माणसे काय करणार आहेत, हा प्रश्न यजमानांना विचारा. त्यांच्याकडे उत्तर असेल तर तंबू घ्या.

उत्तर असू शकते, आणि तुमच्या तारखांना तर ते फार चांगले आहे. १३ आणि १४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव भराला येतो. वर्षभरातल्या उल्कावर्षावांमध्ये तो सर्वांत भरवशाच्या वर्षावांपैकी एक आहे, आणि मुलांच्या दृष्टीने त्याची मोठी सोय ही की मिथुन रास संध्याकाळनंतर लवकरच वर येत असल्याने पहाटे तीनचा गजर लावावा लागत नाही. नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र, त्याच्या वर कृत्तिका, आणि मधूनच सरकन जाणारी एखादी उल्का, हे सारे चटईवर उताणे पडून पाहता येते. मात्र निघण्याआधी दिनदर्शिकेत तिथी पाहून घ्या. त्या रात्री पौर्णिमा जवळ असेल तर चांदण्यात फिक्या उल्का दिसत नाहीत, आणि मग तंबूच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण जाते.

आता थंडीविषयी. पुण्यात स्वेटर घालून गच्चीवर बसता येते, त्यावरून तिथला अंदाज बांधू नका. डिसेंबरात तिथे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साठते, आणि पाण्यालगत तिच्यात दमटपणाची भर पडते. त्यामुळे छायाचित्रात सर्वांत सुंदर दिसणारी, पाण्याला टेकलेली जागा ही झोपण्यासाठी सर्वांत गार आणि ओली जागा असते. काठापासून थोड्या उंचवट्यावर, पाठीमागे झाडे असलेली जागा मागून घ्या. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने पाणी टपकू लागले की लोकांना दव आत झिरपले असे वाटते, पण ते बहुधा आपल्याच श्वासातले बाष्प असते. तंबू दुहेरी कापडाचा असेल आणि वरची झडप थोडी उघडी ठेवली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. भाड्याच्या कॅम्पवरचे तंबू मात्र पुष्कळदा एकेरी कापडाचे असतात, आणि 'तीन माणसांचा' म्हणून दिलेल्या तंबूत दोन मोठी माणसे आणि त्यांच्या पिशव्या एवढेच नीट मावते.

झोपताना थंडी वरून वाजते त्याहून अधिक खालून वाजते. स्लीपिंग बॅग कितीही उबदार असली तरी आपल्या वजनाने तिचा खालचा भर दबतो, त्यात हवा उरत नाही आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून खाली कॅरीमॅट हवीच, आणि तिच्यावर घरातली एखादी घोंगडी अंथरता आली तर ती पुण्याहून न्यायचे श्रम वसूल होतात. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: मुले कुडकुडत असली तरी कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो, आणि बंद जागेत झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

सासूबाईंविषयी लिहिताना मला माझ्या आईची आठवण होते. ती सहासष्ट वर्षांची असताना मी मोठ्या हौसेने तिला अशाच एका जलाशयाकाठच्या कॅम्पवर नेले होते. रात्री जेवताना तिने पाण्याला हात लावला नाही, नंतरचा चहाही नको म्हणाली, आणि थंडीमुळे तहान नसेल असे समजून मी शेकोटीजवळ गप्पा मारत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे डोके दुखू लागले तेव्हा कळले की रात्री उठावे लागू नये म्हणून तिने सायंकाळपासून पाणीच घेतले नव्हते. शौचालय दीडशे पावलांवर, वाट दगडांची, तंबूची चेन तिच्या बोटांना अंधारात सापडत नव्हती, आणि मुलाला झोपेतून उठवण्याचा तिला संकोच होता. शिवाय जमिनीवरून उठताना धरायला भिंत किंवा खाटेची कड नसते, ही गोष्ट गुडघे दुखणाऱ्या माणसाखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. कॅम्प वाईट नव्हता, जेवणही उत्तम होते. तो माझ्या आईसाठी नव्हता, आणि हे मी तिला आधी नीट विचारले असते तर तिने सांगितले असते. तुमच्या सासूबाईंनाही 'चालेल ना?' असे विचारू नका, कारण त्याला आपल्या घरांतून 'चालेल' हेच उत्तर येते. रात्री उठावे लागते का आणि खाली बसून उठता येते का, हे दोन प्रश्न सरळ विचारा.

खर्चाच्या बाबतीत तंबू स्वस्त असतो हा समज दोघे-तिघे मित्र जात असतील तर खरा ठरतो, कुटुंबाच्या बाबतीत तो पुष्कळदा खरा नसतो. कारण साधे आहे: कॅम्पवाले माणशी पैसे घेतात आणि हॉटेलवाले खोलीमागे. समजण्यासाठी आकडे घेऊ. माणशी १,२०० रुपये आणि मुलांना निम्मे, असा दर असेल तर तीन मोठ्यांचे ३,६०० आणि दोन मुलांचे १,२०० मिळून एका रात्रीचे ४,८०० रुपये झाले. त्यात संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. हॉटेलात मोठी खोली आणि एक जादा गादी मिळून ३,२०० पडले आणि जेवण-नाश्त्याचे १,५०० धरले, तर बेरीज जवळजवळ तिथेच येते. सुट्टीच्या शनिवारी दोन्हींचे दर वाढतात, त्यामुळे मधल्या वारी गेलात तर दोन्हीकडे घासाघीस करता येते. स्वतःचे सामान विकत घेण्याचा विचार असेल तर दोन चांगले तंबू, पाच मॅट, पाच स्लीपिंग बॅगा आणि दिवे मिळून वीस-पंचवीस हजारांचा खर्च धरा. दरवर्षी चार-पाच रात्री तंबूत काढणाऱ्या घराला तो परवडतो, पण एका सहलीपुरता तो माळ्यावर जाऊन पडतो. पहिल्या खेपेला भाड्यानेच घ्या.

कॅम्प निवडताना छायाचित्रे पाहू नका, फोन करा. एकूण तंबू किती आहेत हा मी पहिला प्रश्न विचारतो, कारण पन्नास तंबू असलेल्या ठिकाणी शांतता मिळण्याचा संभव नसतो. संगीत किती वाजता बंद होते, हा दुसरा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे, तरी उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर मी दुसरीकडे चौकशी करतो. शौचालय किती अंतरावर आहे, त्यात कमोड आहे का, तंबू दुहेरी कापडाचा आहे का, आणि जागा स्वतःच्या मालकीची आहे का, हेही विचारून घ्या. शेवटचा प्रश्न उगाच नाही. या परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे मुक्कामाबाबत वनविभागाचे नियम लागू होतात, आणि 'इथे कुठेही तंबू लावा, कोणी विचारत नाही' असे सांगणाऱ्याच्या भरवशावर मुलांना घेऊन जंगलात उतरणे शहाणपणाचे नाही.

यजमानांनी काजव्यांच्या दिवसांतले भंडारदरा पाहून हे मनात घेतले असेल, तर तो काळ मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा, पावसाच्या तोंडावरचा. डिसेंबरात काजवे दिसत नाहीत. मी स्वतः त्या दिवसांत तिथे तंबू लावणे सोडून दिले आहे. काजवे एकमेकांना प्रकाशाच्या खुणेने शोधतात, आणि गाड्यांचे दिवे, टॉर्च आणि हिरडा-बेहड्याच्या झाडांखाली ओळीने लागलेले तंबू यांनी त्यांच्या विणीच्या मोजक्या रात्रींत व्यत्यय येतो. पाऊस सुरू झाल्यावर तर प्रश्नच मिटतो. घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात ते सहज नव्हे, आणि तिथल्या पावसात कापडाखाली राहण्याची हौस एका रात्रीत फिटते.

तुम्ही दोनच पर्याय लिहिले आहेत, पण माझ्या मते तुमच्यासाठी योग्य पर्याय तिसरा आहे. रतनवाडी, साम्रद, पुरुषवाडी या गावांत अनेक घरे पाहुण्यांना राहायला खोली देतात, अंगणात किंवा घरामागच्या खाचरात तंबूही लावून देतात, आणि चुलीवरची नागलीची भाकरी, पिठले, ठेचा असे जेवण वाढतात. हॉटेलातली गरम पाण्याची तोटी, मऊ गादी आणि खोलीत आणून दिलेला चहा मिळणार नाही. पाणी बंबात किंवा चुलीवर तापवून बादलीत येते. पण भिंत आहे, खाट मागितली तर बहुधा मिळते, शौचालय घरालगत असते, आणि अंगणापासून दहा पावलांवर गावातला अंधार सुरू होतो. इतका अंधार हॉटेलच्या आवारातल्या दिव्यांखाली मिळत नाही. भात काढून झालेली असल्याने डिसेंबरात खाचरे कोरडी आणि सपाट असतात, त्यामुळे तंबूसाठी जागाही चांगली मिळते. धसकटे मात्र आधी हाताने चाचपून काढा, नाहीतर तंबूच्या तळाला भोके पडतात.

मी तुमच्या जागी असतो तर तीन रात्री अशा लावल्या असत्या. पुण्याहून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, घाटरस्ता आणि मुलांचे थांबे धरून सहज सहा तास जातात, म्हणून पहिली रात्र धरणाजवळच्या एखाद्या हॉटेलात किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासात काढावी. दमलेली मुले आणि मावळता उजेड असताना कोणीही तंबूचा श्रीगणेशा करू नये. दुसऱ्या दिवशी, १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण पाहून जलाशयाला वळसा घालत रतनवाडीला जावे, अमृतेश्वराच्या मंदिरावरचे कोरीवकाम ऊन कलते असताना पाहावे, आणि तिथेच एखाद्या घरी मुक्काम करावा. त्या रात्री सासूबाई आणि तुम्ही खोलीत, यजमान आणि मुले अंगणातल्या तंबूत. धाकट्याला रात्री भीती वाटली किंवा थंडी सोसवली नाही तर दहा पावले चालून तो तुमच्या पांघरुणात येऊ शकतो, आणि हा दरवाजा उघडा असला की मुले बहुधा येतच नाहीत. तिसरी रात्र पुन्हा हॉटेलात, म्हणजे आदल्या रात्रीची अपुरी झोप भरून निघते आणि परतीच्या दिवशी यजमान ताजेतवाने गाडी चालवतात. तंबूची रात्र शेवटी ठेवू नये याचे आणखी एक कारण दवाचे आहे. ओला तंबू घाईने गुंडाळून गाडीत टाकावा लागतो, आणि तो दोन दिवस तसाच राहिला तर त्याला बुरशी धरते. मधल्या रात्रीनंतर सकाळी नाश्ता होईपर्यंत तो अंगणातल्या उन्हात वाळतो.

कळसूबाईचा बेत असेल तर तो तिसऱ्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे ठेवा आणि मंदिर संध्याकाळी करा. १,६४६ मीटरचे हे शिखर बारी गावातून नऊ वर्षांचे मूल सावकाश चढू शकते. लोखंडी शिड्यांवर मात्र त्याच्या मागे एक मोठे माणूस हवे. धाकट्याला आणि सासूबाईंना त्या वेळी हॉटेलात सोबत लागेल, म्हणजे तुमच्यापैकी एकालाच वर जाता येईल. कोण जाणार हे पुण्यातच ठरवून निघा, कारण पहाटे पाच वाजता खोलीच्या दारात उभे राहून ठरवायचा हा विषय नाही. आणि हॉटेलची खोली आरक्षित करताना तळमजल्यावरचीच मागा. या भागातली बरीच निवासस्थाने उतारावर बांधलेली असल्यामुळे 'तळमजला' म्हटल्यावरही वीस पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती, असा प्रश्न करा.