पगार पूर्ण दिवसाचा, काम चाळीस मिनिटांचं

नमस्कार ताई,
वय २९, गाव पेडणे तालुक्यात, नोकरी पणजीला पाटोवर एका प्रायव्हेट कंपनीत डॉक्युमेंटेशनला. हातात २६ हजार येतात. तीन वर्षं नऊ महिने झाले. पहिलं दीड वर्ष मान वर करायला वेळ नव्हता, मग आमचा मोठा क्लायंट गेला, त्यात नवीन सॉफ्टवेअर आलं, आणि आता दिवसभरात खरं काम म्हणाल तर चाळीस मिनिटांचं. बाकी वेळ एक्सेल उघडं ठेवून बसतो, मागून कोणी गेलं की उगाच खालीवर स्क्रोल करतो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले फुकटचा पगार मिळतोय, तोंड बंद ठेव. मित्र म्हणतात तुझं काय बाबा, सुशेगाद. पण ताई संध्याकाळी बसमधून घरी येताना मी जेवढा थकलेला असतो तेवढा काम होतं तेव्हा नव्हतो. बॉसला सांगू का? की ऑफिसात बसल्याबसल्या ऑनलाइन दुसरं काम धरू? की सरळ सोडू?
– टी., पेडणे

अरे टी., तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, राग मानू नकोस. ते स्क्रोल करणं आहे ना, आमच्या वेळी त्याच्यासाठी पेन्सिलीला टोक काढायचे. साहेबांच्या चपलांचा आवाज आला की चार जणांची टोकं एकदम मोडायची.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी थांबवल्या तेव्हा मी डिचोलीकडे एका खाण कंपनीच्या ऑफिसात ट्रिप शीट बघायचे. म्हणजे कुठला ट्रक जेटीवर किती वेळा गेला, काट्यावर वजन किती भरलं, बार्जमध्ये किती टन पडलं, ह्या सगळ्याचा मेळ लावायचा. सीझनला चिठ्ठ्यांचे गठ्ठे यायचे, डबा खायला तीन वाजायचे. आणि मग एकदम शून्य, ट्रकच नाही तर ट्रिप कुठली. पण आम्हाला काढलं नाही हां. मस्टरवर सही करायची, बसायचं, महिना संपला की पगार. बाहेर ट्रकवाल्यांचे हप्ते थकले होते, गॅरेजं ओस पडली होती, त्यामुळे आम्ही तक्रार कुठल्या तोंडानं करणार.

पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात बायकांनी क्रोशाचं विणकाम आणलं, पुरुषांनी पत्ते. तिसऱ्या महिन्यापासून भांडणं. कशावरून, तर पंखा कुणी बंद केला, माझ्या कपात चहा कुणी घेतला, अमकी सव्वापाचलाच कशी उठली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ते मी रोज नऊ ते साडेपाच बघितलंय. मी स्वतः एक जुनं रजिस्टर तीनदा नव्याने लिहून काढलं, अक्षर सुंदर आलं, उपयोग काडीचा नाही. आणि घरी जाऊन नवऱ्यावर खेकसायचे. तेव्हा तुझा तो बसमधला थकवा मला बरोबर कळतो. तो बसून राहण्याचा थकवा नाही, तो नाटकाचा आहे. आठ तास स्टेजवर उभं राहायचं, डायलॉग एकही नाही आणि प्रेक्षक कुठल्या दारातून येईल ते माहीत नाही, कोणीही थकेल.

आता तुझ्या प्रश्नांकडे येते. बॉसला सांगण्याआधी एक गोष्ट शोधून काढ, तुझी खुर्ची रिकामी का आहे. काही नोकऱ्यांत काम कमी असणं हेच काम असतं. बीचवरचा लाइफगार्ड दिवसभर पाण्याकडे बघत बसला म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही, आणि फायर ब्रिगेडवाल्यांना रोज काम असलं तर आपलंच काही खरं नाही. तिथे पगार हजर असण्याचा असतो. तुझं तसं असेल, म्हणजे महिन्यातून दोनच दिवस कामाचा डोंगर येतो आणि त्या दोन दिवसांसाठी तुला तीस दिवस ठेवलाय, तर मनातली टोचणी काढून टाक आणि पुस्तक उघडून बस. पण पत्रावरून तसं वाटत नाही. मला वाटतं तुला विसरलेत. क्लायंट गेला, सॉफ्टवेअर आलं, पण पगाराच्या शीटमधली तुझी ओळ कोणी बघितली नाही. अशी ओळ वर्षानुवर्षं चालते आणि मग एक दिवस नवीन मॅनेजर येतो आणि विचारतो हा मुलगा नक्की काय करतो.

तिसरी शक्यता वाईट आहे, ती म्हणजे मुद्दाम बसवून ठेवणं. जपानमध्ये अशा लोकांना माडोगिवा-झोकू म्हणतात, म्हणजे खिडकीजवळची जमात. काढायचं तर नाही, मग खिडकीजवळ टेबल द्यायचं, काम द्यायचं नाही, कंटाळून स्वतःच जाईल. फ्रान्समध्ये एकाने अशाच रिकामं बसवण्यावरून कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०२० मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने तो छळच आहे म्हणून त्याला भरपाई दिली. आपल्याकडे अशी केस करायला जाऊ नकोस, आयुष्य जाईल, पण हा प्रकार जगभर असतो आणि त्यात दोष तुझ्यात नाही एवढ्यासाठी सांगितलं.

ह्यातलं तुझं कुठलं ते कळायला सोपी युक्ती आहे. पंधरा दिवस रोज संध्याकाळी डायरीत लिही, आज काय केलं, किती मिनिटं. मग बॉसकडे जा, पण "मला काम नाही" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, ते वाक्य बॉसला पुढच्या मीटिंगमध्ये आठवतं आणि नको त्या वेळी आठवतं. त्यापेक्षा आजूबाजूला बघ कोण कामात बुडालंय, अकाउंट्सवाले असतीलच, आणि सांग की सर, माझ्याकडे थोडा वेळ निघतो, जीएसटीचं इनव्हॉइस जुळवायचं काम मी बघू का, मला शिकायचं आहे. दिलं तर विसरले होते असं समज. दोनदा मागून काहीच मिळालं नाही, वर नजर चुकवली, तर खिडकीजवळचा प्रकार आहे आणि रिझ्युमे त्याच रात्री काढ.

मी तेच केलेलं, फार उशिरा, सात-आठ महिने वाया घालवून. पगाराचं काम बघणारे एक नाईक होते (गोव्यात नाईक एवढे आहेत की नाव सांगून ओळख पटत नाही), त्यांच्या टेबलाजवळ खुर्ची ओढली आणि पीएफ, बोनस, रजेचा हिशेब शिकले. २०१४ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून, आणि आमची कंपनी हळूहळू परत सुरू झाली तेव्हा माझं ट्रिप शीटचं टेबल राहिलंच नव्हतं, ते सगळं कॉम्प्युटरवर गेलं. मला पगाराच्या टेबलावर घेतलं. पुढे खाणींची लीज कोर्टाने रद्द केली, २०१८ च्या मार्चात परत सगळं ठप्प झालं आणि या वेळी लोकांना घरी पाठवलं. त्यांचे शेवटचे हिशेब मी काढले. पत्ते खेळायला बसायचे त्यातल्या दोघांचे पण.

दुसरं ऑनलाइन काम ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या लॅपटॉपवर, अजिबात नको. काम देत नसले तरी वेळ त्यांनी विकत घेतलाय, आणि लॅपटॉपवर तू काय करतोस ते आयटीवाल्याला दिसतं. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मशीनवर करायचं तर आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बहुतेक कंपन्या दुसरी नोकरी नको असं एक कलम टाकतात आणि ते आपण सही करताना कधी वाचत नाही. शिकण्याला मात्र माझी हरकत नाही. तुझ्या पाटोवरच कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची संस्था, इमारत आताची. लंच टाइमला आणि सुटल्यावर बसची वाट बघण्याऐवजी तिथे बस. सरकारी परीक्षा डोक्यात असेल तर तिथे तुझ्यासारखे बरेच भेटतील, आणि कोंकणी लिहिता-वाचता येत नसेल तर तेही आत्ताच करून घे, पेडण्याची मुलं बोलतात फाडफाड आणि लिहायला सांगितलं की मराठीत घसरतात.

सोडायचं का, तर आज नाही. एक तर हातात दुसरं लेटर नाही. दुसरं, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, तिला पाच वर्षं लागतात, तुला सव्वा वर्ष राहिलंय. समजा बेसिक १५ हजार आहे, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, वर्षाचे ८,६५४ होतात, पाच वर्षांचे साधारण ४३ हजार. एवढ्यासाठी सव्वा वर्ष कुजत बसू नकोस, चांगली नोकरी आली तर ४३ हजारांवर पाणी सोड, पण पाच वर्षांना दोनच महिने उरलेत आणि रागाच्या भरात राजीनामा ठोकला असंही नको. पीएफ काढू नकोस, नव्या कंपनीत ट्रान्सफर कर, यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा नंबर, तोच राहतो.

आणि बाबांना समजावायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांच्या पिढीला पगार बंद पडणं माहीत आहे, काम बंद पडून पगार चालू राहणं त्यांनी बघितलेलं नाही. त्यांना एवढंच सांग की इंटरव्ह्यूला गेलो की समोरचा विचारतो, पावणेचार वर्षांत काय केलंत, आणि माझ्याकडे उत्तर दीडच वर्षाचं आहे.

ताई, माझे मिस्टर सरकारी खात्यात आहेत, दोन वर्षांपूर्वी बदली झाली आणि नव्या जागी काहीच काम नाही. दिवसभर मोबाइल, घरी आले की चिडचिड. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. मी म्हणते काहीतरी धंदा सुरू करा, तर म्हणतात चालत नाही. खरंच चालत नाही का?
– एक गृहिणी, फोंडा

खरंच नाही चालत हो. सरकारी नोकरांना १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, त्यातल्या पंधराव्या नियमाप्रमाणे परवानगीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही, आणि तुमच्या नावावर दुकान घालून ते गल्ल्यावर बसले तरी लोक अर्ज करायला टपलेले असतात. पण त्याच नियमात सूट पण आहे, ऑफिसच्या कामाला बाधा येत नसेल तर मानधन न घेता केलेलं समाजाचं काम, अधूनमधून लेखन, कला, हौशी खेळ ह्याला आडकाठी नाही. फोंड्यात राहता आणि माणूस रिकामा? देवळाच्या उत्सवात नाटक असेलच, तालमीला पाठवा. चिडचिड तिथे खलनायकाच्या पार्टमध्ये कामाला येईल.

माझं मोरजीला छोटं गेस्ट हाउस आहे, आठ खोल्या. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक जवळजवळ नसतं तरी दोन पोरांना पूर्ण पगार देतो. बायको म्हणते वेडे आहात. अर्धा करू का?
– व्ही., मोरजी

बायकोला सांगा, ऑक्टोबरात नवीन पोर शोधायला, शिकवायला आणि ते पंधरा दिवसांत पळून गेल्यावर परत शोधायला किती पडतात ते एकदा कागदावर मांड. मे संपेपर्यंत शॅक उतरतात, जूनपासून दोन महिने मासेमारीचे ट्रॉलर बंद, त्यामुळे तुमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत कोणालाच काम नसतं आणि जो पगार देतो त्याच्याकडे माणूस टिकतो. पण पूर्ण पगार देऊन पोरांना पायरीवर रील बघत बसवू नका, त्यानं पोरं बिघडतात आणि सप्टेंबरात तुम्हीच त्यांच्यावर उगाच ओरडता. पाऊस लागायच्या आत गच्ची आणि गटारं, मग आत बसून गाद्या, फर्निचरची बुरशी, नळ, स्विच, ओसरला की रंग. एकाला तीन आठवडे गावी पाठवा पगारासकट, तो आला की दुसऱ्याला. अर्धा करायचाच असेल तर तो मे महिन्यात सांगून करा, जूनच्या सात तारखेला पाकीट हातात देताना नव्हे.