लॉन नाही, हॉल घ्या म्हणतात. भरलेले पैसे बुडाले का?

प्रश्न : डिसेंबरात मुलीचं लग्न. गोव्यात खाडीकाठच्या एका जुन्या पोर्तुगीजकालीन हॉटेलचं लॉन ठरवलं, १२ लाखांपैकी साडेसात लाख भरले. आता ते म्हणतात, किनाऱ्याच्या नियमांमुळे पाण्याकडेला मांडव घालता येणार नाही, आतल्या हॉलमध्ये करा. रद्द केलं तर अटीप्रमाणे एक रुपयाही परत नाही. व्हॉट्सॲपवर मी ‘ठीक आहे, बघतो’ असं कळवलंय. — एक वधूपिता, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या प्रकरणातली कच्ची जागा एकच, ती म्हणजे ‘ठीक आहे, बघतो’. करार कायद्याचं कलम ३९ सांगतं की समोरच्याने करार पूर्ण पाळायला नकार दिला तर तुम्ही तो संपवू शकता. मात्र शब्दांनी किंवा वागण्यातून तो पुढे चालवायला संमती दिलीत तर ती वाट बंद. म्हणून आजच ई-मेल करा : ‘हॉलला मी मान्यता दिलेली नाही, ठरलेलं लॉन द्या, नाहीतर सात दिवसांत रक्कम परत करा.’ तोवर हॉलचा मेन्यू ठरवायला किंवा सजावट बघायला जाऊ नका. पनीर की मशरूम एवढं जरी कळवलंत, तरी तो कागद उद्या तुमच्याविरुद्ध दाखवतील.

‘परतावा नाही’ या अटीला घाबरू नका. ती गिऱ्हाईक माघार घेतं तेव्हाची. इथे शब्द हॉटेलने फिरवलाय. बुकिंगच्या पावतीवर ‘लॉन’ हा शब्द आहे ना, ते मात्र आधी बघा. नुसतं ‘व्हेन्यू’ असेल तर त्यांनी पाठवलेले फोटो आणि कोटेशन जपून ठेवा.

नियम आडवा आला, आमचा काय दोष, असं ते म्हणतील. किनारपट्टी नियमन १९९१पासून आहे आणि भरती-ओहोटीच्या खाड्यांनाही लागू आहे. पाण्याकाठी धंदा करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. करार कायद्याच्याच कलम ५६चा तिसरा परिच्छेद फारसा कुणी वाचत नाही : जी गोष्ट बेकायदा आहे हे थोडी चौकशी करून कळलं असतं, तिचं वचन दिलं आणि समोरच्याला ते माहीत नव्हतं, तर नुकसानभरपाई वचन देणाऱ्याने द्यायची. नव्या पत्रिका, दुसऱ्या जागेचा वाढीव खर्च, सगळ्याची बिलं ठेवा.

पैसे आले नाहीत तर तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता तिथे करता येते, गोव्याला खेटे नकोत. भरलेली रक्कम ५ ते १० लाखांत असल्याने फी २०० रुपये, मुदत दोन वर्षं. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ म्हणूनच मांडा. ‘अनुचित करार’ असा मथळा घातलात तर ती राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्यात चालत नाही. हे चुकवणारे वकीलही मी पाहिलेत.

आणि पाहुण्यांची तिकिटं निघालीत म्हणून हॉलच घ्यायचा झाला, तर ‘हक्क राखून, नाइलाजाने’ असं आधी लिहून द्या आणि दरातला फरक मागा. लॉन मिळालं असतं तरी उघड्यावरचा स्पीकर रात्री १०ला बंदच करावा लागला असता; बंद हॉलला ती वेळेची अट नाही. तेव्हा संगीत तिथे करायला हरकत नाही, पण हॉलचं भाडं लॉनच्या दराने देऊ नका.