वाचकांचे प्रश्न : ट्रिगरचे वजन (म्हणजे ट्रिगर सुटायला लागणारा जोर)

प्रश्न : माझ्या १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर स्प्रिंगकाट्यावर ५०० ग्रॅम भरतो, पण नव्या हंगामाच्या पहिल्याच तपासणीत नापास झाला. असे का?

उत्तर : काटा ट्रिगरच्या वरच्या भागात अडकवला असेल, तर तो बिजागरीजवळ येतो आणि आकडा फुगतो. तपासणीत वजन ट्रिगरच्या मध्याजवळ टांगतात, नळी उभी धरतात आणि सपाट पृष्ठभागावरून ते उचलतात. ट्रिगर न सुटता ५०० ग्रॅम उचलले गेले पाहिजे. त्यासाठी तीनच प्रयत्न मिळतात. झटका दिला की चांगला ट्रिगरही सुटतो, म्हणून सावकाश उचला. सरावातही वजनाचा ठोकळाच वापरा. हवेचा दाब भरलेला हवा, छर्रा मात्र नको.

बरोबर ५०० वर ठेवण्याचा हट्ट आमच्या मते धोक्याचा. स्क्रू किंचित सैल झाला तरी घात होतो. ५१० ते ५२० ठेवा. सामन्यानंतरही अचानक तपासणी होते आणि तिथे कमी भरले तर थेट अपात्रता.

जाता जाता पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघा : निर्मितीपासून १० वर्षे उलटली असतील तर तो बदलायचा.